स्वातंत्र्य, समता, बंधुता : फ्रान्स, हैती आणि मुंबईच्या गिरण्या

जयंतीच्या व्याख्यानात आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक वाक्य हमखास येते : स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीची देणगी आहेत. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात मात्र स्पष्ट सांगितले की, ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाही. तिचे मूळ राज्यशास्त्रात नसून धर्मात आहे आणि ती आपण आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे.

हे त्यांना आवर्जून का सांगावेसे वाटले? उत्तरासाठी आधुनिक जग कसे घडले ते पाहावे लागते. राज्यक्रांती, यंत्रोद्योग आणि वसाहतवाद ही पाठ्यपुस्तकात तीन वेगळी प्रकरणे असतात. प्रत्यक्षात ती एकाच काळात, एकमेकांत गुंतून घडली. साखर आणि कापूस या दोन पिकांच्या मागोमाग गेले की ही गुंतागुंत उलगडते.

१७८९ चा जाहीरनामा आणि त्याबाहेरची माणसे

१४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बॅस्टिलचा तुरुंग ताब्यात घेतला. २६ ऑगस्टला राष्ट्रीय सभेने मानव व नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, हे त्याचे सार होते. जन्मावर आधारलेल्या सरंजामी हक्कांना हा मोठा तडाखा होता. त्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही.

पण १७९१ च्या राज्यघटनेत मताचा अधिकार ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मिळाला. स्त्रियांचे हक्क मांडणारा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले. आणि फ्रान्सच्या वसाहतींतील गुलाम तर कोणाच्या हिशेबातच नव्हते.

हैती : गुलामांनी केलेली क्रांती

कॅरिबियन समुद्रातील सँ दोमँग ही फ्रान्सची सर्वात श्रीमंत वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा मोठा हिस्सा तेथून येई. आफ्रिकेतून पकडून आणलेले आणि त्यांच्या पोटी जन्मलेले मिळून सुमारे ५ लाख गुलाम तेथे राबत होते. गोऱ्यांची संख्या ४० हजारांच्या आसपास होती.

ऑगस्ट १७९१ मध्ये या गुलामांनी उठाव केला. स्वतः गुलामीत जन्मलेले तूसाँ लूव्हेर्त्यूर त्यांचे सेनानी म्हणून पुढे आले. उठावाच्या रेट्यामुळे वसाहतीतील फ्रेंच प्रतिनिधीला १७९३ मध्ये गुलाममुक्ती जाहीर करावी लागली आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामी रद्द केली. म्हणजे जाहीरनामा सर्वांना लागू करायला भाग पाडले ते ज्यांना त्यातून वगळले होते त्यांनी.

नेपोलियनने १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामी पुन्हा कायदेशीर केली आणि सँ दोमँगवर फौज पाठवली. तूसाँ यांना पकडून फ्रान्सला नेले. तेथील किल्ल्यात एप्रिल १८०३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तरी लढा थांबला नाही. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

याची किंमतही हैतीलाच मोजावी लागली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, गेलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. त्या मालमत्तेत माणसेही मोजलेली होती. ही रक्कम १८३८ मध्ये ९ कोटींवर आणली गेली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत राहिले. ब्रिटननेही १८३३ च्या कायद्याने गुलामी रद्द करताना मालकांना २ कोटी पौंड दिले. गुलामांना काहीही मिळाले नाही.

कापूस, यंत्र आणि वसाहत

त्याच काळात इंग्लंडमध्ये यंत्रयुग सुरू झाले. १७६९ मध्ये जेम्स वॉटने सुधारित वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर सूतगिरणी उभारली. गिरण्यांना कापूस हवा होता. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले आणि दक्षिणेकडील राज्यांत कापसाची लागवड झपाट्याने वाढली. काम हलके करणाऱ्या यंत्रामुळे गुलामी कमी झाली नाही; उलट ती पसरली. मँचेस्टरला जाणारा बहुतांश कापूस गुलामांच्या हातचा होता.

भारतातील हातमागाच्या कापडाला जगभर मागणी होती. कंपनीची सत्ता आली, ब्रिटनमध्ये भारतीय कापडावर जबर कर बसले आणि गिरणीचे स्वस्त कापड येथे येऊ लागले. त्यात अनेक विणकरांचा धंदा बुडाला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबताच इंग्लंडची नजर आपल्याकडच्या कापसाकडे वळली. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अफाट पैसा आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला.

त्या युद्धाच्या शेवटी अमेरिकेतील गुलामी संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. आपल्या समाजाची लढाई जगाच्या लढाईशी जोडून पाहण्याची ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

गिरणीच्या दारातली जात

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. गावकी सोडून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांना गिरणी, गोदी आणि रेल्वेने रोख मजुरी दिली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांचे संघटन केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली.

पण यंत्राने जात मोडली नाही. जास्त मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना तेथे विटाळ दिसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुतेचा अभाव, अशी व्याख्याही त्यांनी तेथेच केली.

इंग्रजी राजवटीबद्दलही त्यांची भूमिका अशीच रोखठोक होती. शाळा, सैन्य आणि न्यायालयांमुळे काही दारे उघडली हे खरे. पण १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी लंडनमध्येच विचारले की, इंग्रजांपूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, ते आता येते का?

बाबासाहेबांचा निष्कर्ष

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या लेखात बाबासाहेबांनी क्रांत्यांचा हिशेब मांडला. फ्रेंच क्रांतीला समता आणता आली नाही. रशियन क्रांतीचे ध्येय समता होते, म्हणून तिचे स्वागत करावे. पण समतेसाठी स्वातंत्र्य किंवा बंधुतेचा बळी देता येणार नाही. ही तिन्ही तत्त्वे एकत्र नांदतील तर ती बुद्धाच्या मार्गाने, असे त्यांचे मत होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले होते.

सँ दोमँगमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा होता, पण गुलामाबद्दल बंधुता नव्हती. गिरणीत एकाच भोंग्यावर सारे कामावर येत, पण धोट्याला तोंड लावताना बंधुता संपत होती. कायदा हक्क देऊ शकतो. शेजारच्या माणसाला माणूस मानण्याची सवय मात्र मनात रुजवावी लागते. बाबासाहेब मैत्री आणि करुणा शिकवणाऱ्या धम्माकडे वळले ते यासाठी.

म्हणून पुढच्या व्याख्यानात कोणी ही तत्त्वे फ्रान्सची देणगी म्हटली, तर आपल्या तरुणांनी शांतपणे हैतीची गोष्ट सांगावी. आणि आजच्या कोणत्याही घोषणेतला ‘सर्व’ हा शब्द ऐकला की विचारावे : या सर्वांत कोण कोण मोजले आहे?