खरी कलाटणी कुटला मिळाली

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंडाळा मागे पडलं की खंबाटकीचा घाट लागतो. तो ओलांडून पुढे सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. गावात त्यांचं स्मारक आहे.

या युद्धाला कलाटणी कुठे मिळाली, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: मार्न, व्हर्दून, अमेरिकेचा प्रवेश. आपल्यासाठी त्यात आणखी एक नाव हवं. इराकमधलं कुट.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या तेलाचं रक्षण करायला सहावी पूना डिव्हिजन बसऱ्याला उतरली. पहिले विजय सोपे होते, म्हणून पुढच्या वर्षी तिला थेट बगदादकडे धाडलं. बोटी अपुऱ्या, औषधं अपुरी. टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं. जनरल टाउनशेंड मागे हटून कुटला थांबला आणि ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

धान्य संपत आलं तसे घोडे कापले जाऊ लागले. पण बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस खाल्लं नाही. धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीती जाईना. तुर्कांच्या तोफांपुढे उभा राहणारा माणूस गावच्या पंगतीला घाबरत होता. उपासमारीने आणि स्कर्व्हीने माणसं खंगली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० जण मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रस-अल-ऐनच्या रेल्वेकामावर जुंपलं.

या पराभवाने बरंच काही बदललं. मोहिमेची सूत्रं सिमल्याकडून लंडनकडे गेली, बोटी आणि इस्पितळं वाढली आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. पण दुसरं वळण त्याहून मोठं होतं. चौकशी आयोगाने हिंदुस्थान सरकारचा गलथानपणा उघड केला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्टला हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचं जाहीर केलं. टिळक आणि बेझंटबाईंची होमरूल चळवळ तेव्हा जोरात होती, तिचा दाब होताच. पण ते दार उघडायला कुटच्या उपाशी शिपायांचाही हात लागला होता.

व्हर्दूनचा नकाशा पुस्तकात सापडतो. कुटचा हिशेब आपल्या गावांतल्या दगडांवर आहे. पुढच्या वेळी घाट ओलांडाल तेव्हा अपशिंग्याला थांबा.