स्वयंपाकघरातली लाकडी जमीन आणि तिच्यावरचा थर



अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या अनेक बहिणींपुढे हा प्रश्न येतो: स्वयंपाकघरात लाकडी जमीन करावी का? दुकानात ओक, मेपल, हिकरी असे नमुने मांडलेले असतात आणि आपण रंगावरून ठरवू लागतो. पण तिथल्या स्वयंपाकघरांचा इतिहास पाहिला, तर लाकडाची जात हा दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न असा, की त्या लाकडावर काय लावले आहे?

वसाहतींच्या काळात तिथल्या घरांत पाइनच्या रुंद फळ्यांची जमीन असे. तिला बहुधा पॉलिश नसे. बायका वाळू टाकून ती घासत. उघड्या लाकडात चरबी मुरे, फटींत खरकटे अडके. या कष्टाला उपाय म्हणून कॅथरीन बीचर आणि 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो या बहिणींनी १८६९ च्या 'द अमेरिकन वुमन्स होम' या पुस्तकात घरच्या घरी मेणकापडासारखे आच्छादन करायची कृती दिली. स्वस्त जाडेभरडे कापड कोठाराच्या भिंतीला ठोकायचे, त्यावर राय धान्याच्या पिठाची पातळ खळ लावायची, मग रंगाचे हात द्यायचे.

त्याच सुमारास लिनोलियम आले. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. हवेत घट्ट होणारे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा एकत्र मळून जाड कापडावर पसरायचा, अशी ती पद्धत. पुढे या कापडासाठी ताग वापरला जाऊ लागला. जवस आणि ताग दोन्ही हिंदुस्थानातून ब्रिटनला जात. अमेरिकेत स्टेटन आयलंडवर कारखाना निघाला आणि तिथल्या वस्तीलाच लिनोलियमव्हिल नाव पडले. रोगजंतूंचे ज्ञान पसरले तशी कमी सांध्यांची, ओल्या फडक्याने पुसता येणारी ही जमीन स्वयंपाकघरात रुजली.

१९ व्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर कापलेल्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या ओकच्या पट्ट्या मिळू लागल्या. पण त्या मुख्यतः दिवाणखान्यात आणि जेवणघरात गेल्या. कारण त्यांच्यावर शेलॅक आणि मेण लावत. शेलॅकवर पाणी राहिले की पांढरे डाग पडतात, सोड्याने ते सुटते. स्वयंपाकघरात ते कसे टिकणार?

इथे आपल्या दृष्टीने थांबावे लागते. शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर असंख्य किडे राळेचा थर करतात. तो खरवडून, धुऊन, वितळवून शेलॅक होते. त्यात त्या जीवांचा नाश आहे. श्रावकाने टाळायच्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, आणि जंगलतोडीवर चालणारे वनकर्मही आहे. आपण व्यापारी नसू, पण गिऱ्हाईक तर आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेनचे वॉर्निश घरोघरी पोचले. पाणी, तेल, साबण यांना ते तोंड देते. त्यामुळे लाकूड स्वयंपाकघरात परतले.

जातीचा प्रश्न आता घेऊ. गॅब्रिएल यांका याने १९०६ मध्ये लाकडाचा कठीणपणा मोजायची चाचणी काढली. ११.२८ मिलिमीटरची पोलादी गोळी अर्धी आत रुतवायला किती जोर लागतो, तो मोजायचा. रेड ओकला सुमारे १२९० पौंड, हार्ड मेपलला १४५०, व्हाइट पाइनला ३८०. आपला सागवान ओकपेक्षा मऊ निघतो! त्याची थोरवी त्याच्या नैसर्गिक तेलात आहे. म्हणजे हा आकडा जड पातेले पडल्यावर खड्डा किती पडेल ते सांगतो, पाण्याचे काय ते सांगत नाही.

तेव्हा ठरवताना एवढे विचारा:

१. वरचा थर कशाचा? खालच्या सीलरमध्ये शेलॅक आहे का? हे आजही वापरतात. मेणही चालणार नसेल तर स्पष्ट सांगा.

२. पट्ट्यांना कडेला खाच आहे का? खाचेत पीठ, साखर साठते, मुंग्या येतात आणि मग झाडू मारताना जयणा राहत नाही. सपाट कडा घ्या. पट्ट्या बसवून मग पॉलिश केले तर सांधेही बरेच भरतात.

३. जुने लाकूड मिळेल का? पाडलेल्या कोठारांचे, गिरण्यांचे लाकूड तिथे पुन्हा कापून विकतात. नवे झाड तोडावे लागत नाही.

आणि सिंकपुढे पाणी सांडतच असेल, तर तेवढ्या घरात लिनोलियम घालायलाही हरकत नाही. खरे लिनोलियम आजही मिळते. तो जवसाचाच थर आहे.