जपानचें लोखंड कोठून येतें?

ज्या राष्ट्रापाशीं पोलादाचें सामर्थ्य असतें, त्याच्या भूमींत लोखंडही विपुल असलें पाहिजे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. जपानचा इतिहास या समजास छेद देतो. होन्शू बेटावरील कामाइशीची खाण वगळली, तर नांव घेण्याजोगा साठा त्या देशांत नव्हता. तथापि १९०१ सालीं क्यूशू बेटावर यावाता येथें सरकारी पोलाद-कारखान्याची भट्टी पेटली. १८९४-९५ च्या युद्धानंतर चीनकडून घेतलेल्या युद्धदंडाचा कांहीं भाग तिच्या उभारणीस लागला. कोळसा शेजारच्या चिकुहो भागांतला. आणि लोहखनिज मात्र पराभूत चीनमधल्याच, यांगत्से नदीनजीकच्या दाये येथील खाणींतून येई.

हा केवळ बाजारांतला सौदा नव्हता. चिनी कंपनीस जपाननें कर्ज द्यावें व तिनें तें खनिजाच्या रूपानें फेडावें, अशी ती व्यवस्था होती. १९१५ सालीं जपाननें चीनपुढें ज्या एकवीस मागण्या ठेवल्या, त्यांतही या कंपनीसंबंधीं कलम होतें.

पुढें जपानी भांडवल ब्रिटिश अंमलाखालील मलायांत उतरलें. जोहोर व त्रंगानू या संस्थानांत जपान्यांनीं खाणी काढल्या आणि १९३० नंतरच्या दशकांत मलायाचा वांटा चीनहूनही मोठा झाला. फिलिपाईन्सचा मालही येऊं लागला. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील यांपी साउंड येथेंही जपानची दृष्टि होती. परंतु १९३८ सालीं ऑस्ट्रेलियन सरकारनें लोहखनिजाची निर्यातच बंद केली.

१९४५ च्या पराभवानंतर थोड्याच वर्षांत चीनचें दार मिटलें. आतां नवे पुरवठादार शोधणें भाग होतें, आणि येथें आपला गोमंतक या कथेंत येतो. तेव्हां तेथें पोर्तुगीज अंमल होता. डिचोली, सत्तरी, सांगें या तालुक्यांतील डोंगरांचें खनिज बार्जांत भरून मांडवी-जुवारीच्या पात्रांतून मुरगांव बंदरांत जाई व तेथून जपानकडे रवाना होई. डोंगरापासून बंदरापर्यंत निसर्गानेंच जलमार्ग घालून दिला होता. मात्र पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं, मांडवीच्या मुखाशीं ही वाहतूक अडे. स्वतंत्र भारतानेंही १९५८ सालीं किरिबुरूच्या व १९६० सालीं बैलाडिलाच्या खनिजासाठीं जपानशीं करार केले. बैलाडिलाचा माल विशाखापट्टणमहून १९६८ पासून जाऊं लागला.

परंतु १९६० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियानें निर्यातबंदी उठविली आणि सारा नकाशा पालटला. १९६६ सालीं माउंट टॉम प्राइसचें खनिज डांपियर बंदरांतून जपानकडे निघालें. त्याच वर्षीं ब्राझीलचें तुबारांव बंदर खुलें झालें. ब्राझील म्हणजे जपानच्या दृष्टीनें पृथ्वीची दुसरी बाजू! मग हें अंतर परवडलें कसें? जहाजांचा आकार वाढत गेला, तसतसें दर टनाचें भाडें उतरलें. आणि जपाननें आपल्या नव्या भट्ट्या, १९५३ च्या चिबा कारखान्यापासून, खोल पाण्याच्या कांठींच उभारल्या. दूरचें खनिज अशा रीतीनें जवळचें झालें. आज जपानच्या आयातींत निम्म्याहून अधिक वांटा ऑस्ट्रेलियाचा आहे व त्याखालोखाल ब्राझीलचा.

या पालटाची दुसरी बाजू विक्रेत्याच्या गांवीं दिसते. त्रंगानूमधील बुकित बेसीची खाण १९७१ सालीं बंद पडली व तिच्याभोंवतीं वसलेलें नगर ओस पडलें. गोमंतकास पुढें चीनचें नवें गिऱ्हाईक लाभलें. परंतु तेथील खाणी २०१२ सालीं बेकायदा उत्खननामुळें थांबल्या, आणि २०१८ सालीं न्यायालयाच्या निर्णयानें पुन्हा थांबल्या, तेव्हां बार्जवाले, मालमोटारवाले आणि खाणकामगार यांच्या घरीं चिंता शिरली.

खरेदी करणारा एक वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. डोंगर विकणाऱ्यास दुसरा डोंगर आणतां येत नाहीं. म्हणून, खनिज किती गेलें याबरोबरच त्याच्या मोबदल्यांत मागें कोणता टिकाऊ उद्योग उभा राहिला, याचाही हिशेब प्रत्येक खाणप्रदेशानें वेळींच मांडला पाहिजे.