डॅशबोर्डमधला कप्पा: गाडीचा स्टिरिओ बदलण्याचा इतिहास

गाडीत रेडिओ आला तो बाहेरूनच. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 1930 साली मोटोरोला 5टी71 विकायला काढला, तेव्हा तो विकत घेण्यापेक्षा बसवणे जिकिरीचे होते. त्या काळच्या रेडिओची मुख्य पेटी डॅशबोर्डखाली, बटणे स्टिअरिंगच्या दांड्यावर, स्पीकर निराळा, व्हॉल्व्हसाठी जादा बॅटऱ्या आणि एरिअलची तार छताच्या अस्तरात असे. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर आवाजात उतरू नये म्हणून स्पार्क प्लगना सप्रेसर लावावे लागत. या खटाटोपाला 110 ते 130 डॉलर पडत. फोर्डची नवी मॉडेल ए तेव्हा 500-600 डॉलरच्या घरात होती.

पुढे मोटार कंपन्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. त्यांचे सगळे प्रयोग टिकले नाहीत. क्रायस्लरने 1956च्या गाड्यांत रेकॉर्ड प्लेअर दिला, पण त्याला खास तबकड्या लागत आणि काही वर्षांतच तो मागे पडला. फोर्डने 1966च्या मॉडेलांत 8-ट्रॅक टेप आणला. फिलिप्सची 1963 सालची कॅसेट मात्र टिकली. बदलीच्या बाजाराचे खरे कारण इथेच आहे: गाडी चांगली चालत असायची, पण तिच्यातले गाणे ऐकण्याचे साधन जुने झालेले असायचे. बिल क्रचफिल्ड यांना जुन्या पोर्शे 356साठी स्टिरिओ मिळेना. त्या अडचणीतून 1974 साली व्हर्जिनियात टपालाने कार स्टिरिओ विकणारी त्यांची कंपनी उभी राहिली.

तोवर प्रत्येक कंपनीच्या डॅशबोर्डचे भोक वेगळे. रेडिओच्या दोन शाफ्टांमधले अंतरही जुळत नसे, मग पत्रा कापावा लागे. जर्मनीच्या डीआयएन (बोलीत ‘डिन’) मानकाने हा प्रश्न सोडवला आणि 1984 साली ते आयएसओ 7736 म्हणून आंतरराष्ट्रीय झाले. कप्पा साधारण 180 मि.मी. रुंद, 50 मि.मी. उंच, म्हणजे सिंगल डिन. त्यात पत्र्याची चौकट सरकवायची, तिच्या पट्ट्या वाकवायच्या आणि स्टिरिओ आत ढकलायचा. जपानी गाड्यांत रूढ झालेला दुप्पट उंचीचा कप्पा म्हणजे डबल डिन. तारांचेही रंग ठरून गेले: पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची, पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी स्पीकरच्या. एका मामुली आयताने जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना एकाच बाजारात आणले, ही त्या मानकाची मोठीच कामगिरी. बदलणे सोपे झाले तसे चोरणेही सोपे झाले, म्हणून काढून खिशात घालता येणारे पुढचे पॅनेल आले.

भारतात बहुतेकांना बदलण्यासारखे काही नव्हतेच. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800च्या साध्या मॉडेलात स्टिरिओ नसे. शोरूममधून गाडी निघाली की दुकानात नेऊन कारटेप आणि मागच्या काचेखाली स्पीकर बसवून घेणे, हा गाडी घेण्याचाच भाग होता. कंपनी फिटेड म्युझिक सिस्टिम सर्रास झाली ती बऱ्याच उशिरा, आणि तेव्हापासून इथल्या फिटरची भाषाही बदलली. वायर न कापता ‘कपलर टू कपलर’ काम होईल का, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न झाला.

मानक कप्प्याला पहिला धक्का आकाराचा होता. 1996च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि एसीची बटणे एकाच लंबगोल पॅनेलमध्ये होती; तिथे नवा स्टिरिओ घालायचा तर अख्खे पॅनेल बदलावे लागे. दुसरा धक्का दिसत नव्हता, पण अधिक खोल होता. बॉशने 1986 साली कॅन बस ही पद्धत जाहीर केली. गाडीतली उपकरणे एकाच तारजोडीवरून एकमेकांना संदेश देऊ लागली आणि स्टिरिओ त्या संभाषणात सामील झाला. अनेक गाड्यांत चावीची लाल तारच उरली नाही. स्टिरिओला संदेशाने जाग येई. जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत सीटबेल्टची आणि दाराची घंटाही रेडिओमार्फत वाजे. रेडिओ काढला की घंटा मुकी. म्हणून मधे अडॅप्टर आला. तो गाडीचे संदेश वाचून नव्या स्टिरिओला कळवतो, घंटा परत देतो आणि स्टिअरिंगवरची बटणे चालू ठेवतो. मेस्ट्रोसारखे अडॅप्टर काही गाड्यांत टायरमधल्या हवेचा दाबही नव्या स्क्रीनवर आणतात. आजच्या बदलीत सर्वांत जास्त कसब या डबीतच आहे.

2014 साली अॅपल कारप्ले आणि पाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आल्यावर या धंद्याला नवे बळ मिळाले. जुन्या गाडीत फोनचे नकाशे हवे असणाऱ्यांसाठी सिंगल डिनच्या पेटीवर 9-10 इंची स्क्रीन टांगलेले संचही निघाले. अशा बदलीने वॉरंटी जाईल ही भीती असते, पण अमेरिकेत मॅग्नसन-मॉस कायद्याने (1975) बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे कंपनीला दाखवावे लागते.

एसी, सीट आणि कॅमेरा ज्या गाड्यांत एकाच स्क्रीनवर आहेत, तिथे स्क्रीन बाहेर काढणे परवडत नाही. अशा गाड्यांत मूळ स्क्रीन तसाच ठेवतात, त्यातून निघणारा आवाज सिग्नल प्रोसेसरने सपाट करून घेतात, आणि नवा अँप्लिफायर, स्पीकर व सबवूफर त्याच्या पुढे जोडतात.