अर्धा र

अण्णा खिळे जुळवायचे. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांचं सगळं आयुष्य खिळ्यांच्या केससमोर उभं राहून गेलं. हातात स्टिक, नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात न बघता नेमक्या खणात. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. मला सगळ्यांत आवडायचा तो एक बारीकसा खिळा: अर्धा र. य किंवा ह यांच्या आधी बसणारा, तिरक्या भुवईसारखा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. एवढा अर्थ त्या शिशाच्या तुकड्यावर तोललेला. हिंदीला त्याच्यावाचून अडत नाही, मराठीला अडतं. जुळारी नवा असेल तर अण्णा त्याला आधी तो खण दाखवत.

लिनक्सबद्दल लिहायचं आणि सुरुवात शिशाच्या खिळ्यापासून करायची, हे काहींना विचित्र वाटेल. पण माझ्या टेबलावरचा संगणक रोजच्या कामाचा केव्हा झाला, हे मी त्या अर्ध्या र वरूनच ठरवलं. त्यामुळे माझ्यापुरता लिनक्सचा इतिहास म्हणजे या अक्षराचा प्रवास आहे.

१९९१ हे वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण ३८६ संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जगातल्या लिप्या एका संकेतनात आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचं घर मिळालं. ते घर बांधलं होतं आपल्याकडच्या इस्की या प्रमाणाच्या १९८८च्या आराखड्यावर. आणि इस्कीची सुधारित आवृत्ती भारतीय मानक म्हणून आली तीही १९९१ सालीच. तिघांचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडायला दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला. मधल्या त्या दहा वर्षांत मी डीटीपी शिकले.

तेव्हाचं मराठी डीटीपी आता आठवलं तरी जीव कासावीस होतो. फॉन्टच्या आत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. पडद्यावर 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच काही असायचं. फाइल दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेच्या जागी नुसत्या फुल्या आणि चौकोन. फॉन्ट चालायला संगणकाच्या मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी डबी, लावावं लागे. १९९८च्या दिवाळीआधी आमचं डोंगल बिघडलं. कंपनीने नव्याचे पूर्ण पैसे मागितले आणि अर्धवट जुळवलेला दिवाळी अंक आठ दिवस अडकून पडला. अक्षरं माझ्या भाषेतली, मजकूर आमच्या लेखकांचा, आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडे! खिळे निदान छापखान्याच्या मालकीचे असत.

लिनक्स मला मिळालं ते 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर. १९९९ साल असावं. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने ते विंडोजच्या शेजारी बसवून दिलं. संगणक सुरू केला की लिलो हा प्रोग्रॅम विचारायचा, कुठे जायचं? पडद्यावर चित्र उमटण्यासाठी मॉनिटरचे आडवे-उभे हर्ट्झ एका फाइलीत हाताने लिहावे लागले. दोन रात्री गेल्या, आणि मग खिडक्या उघडल्या. या खिडक्या दाखवणारी केडीई ही प्रणाली १९९६ मध्ये सुरू झालेली, ग्नोम १९९७ मध्ये. दोन्ही नवी, दोन्ही देखणी. पत्रव्यवहार, हिशेब, सगळं चाललं. मराठी मात्र शून्य. मी विंडोजवर परतले, पण ती सीडी जपून ठेवली.

पुढच्या चार-पाच वर्षांत जे घडलं त्यात आपल्या माणसांचा हात मोठा आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. मुंबईला जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प झाला. लिनक्सचा पडदा ज्या थरावर रंगतो त्या थरातच भारतीय लिपी शिकवण्याची ती खटपट होती. तिथेच होते र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटीत शिकवून आलेले. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या हातचा. एनसीएसटीतून त्यांनीच 'रघू' हा फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला करून दिला. एकाच हाताने विंडोज आणि लिनक्स या दोन्ही घरांत अक्षरं नेली, पण दुसऱ्या घरात ती सगळ्यांच्या मालकीची झाली. वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवानी यांनी सुरू केलेला 'इंडलिनक्स' प्रकल्पही याच काळातला. २००२ साली ग्नोमची दुसरी पिढी आली ती 'पँगो' घेऊन. नाव ग्रीक 'पॅन' आणि जपानी 'गो' जोडून केलेलं, म्हणजे सगळ्या भाषा. त्याच वर्षी रेड हॅट लिनक्स ८ मध्ये युनिकोडचं यूटीएफ-८ हे मूळ संकेतन झालं, आणि फाइलीचं नावसुद्धा मराठीत लिहिता येऊ लागलं.

पँगोचं काम अण्णांना समजावताना मला फार सोपं गेलं. म्हटलं, फॉन्ट म्हणजे केस, पँगो म्हणजे जुळारी. मी द, ऱ, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हं टंकते. कुठला खिळा उचलायचा, कुठे दोन जोडून एक करायचे, हे जुळारी ठरवतो. "मग जुळारी मराठी आहे का?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता, पण उत्तर मिळायला वेळ लागला. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फॉन्ट जीपीएलखाली दिले. ते पुण्यातच घडलेले. २००५ साली उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट घरी येत, त्यातली एक मागवून मी पुन्हा सुरुवात केली. रेमिंग्टन कळफलकाला सरावलेली बोटं इन्स्क्रिप्ट कळफलकाकडे वळवायला तीन महिने गेले. इन्स्क्रिप्ट १९८६ सालचं, त्याच्या मागे वर्णमालेचंच तर्कशास्त्र आहे, आणि आज मला दुसरं काही नको वाटतं. 'दऱ्या' लिहायचं तर ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. अजूनही हे लिहिताना अण्णांचा हात डोळ्यांसमोर येतो.

आणि नेमक्या त्याच शब्दात घात झाला. एका गिर्यारोहण मंडळाच्या पुस्तिकेचा मजकूर मी पहिल्यांदा पूर्ण लिनक्सवर केला. वापरलेला फॉन्ट मुक्त होता, पण लोहित नव्हे. माझ्या पडद्यावर नीट दिसलेला मजकूर छापखान्यातल्या संगणकावर त्या फॉन्टच्या वेगळ्या आवृत्तीत उघडला गेला, आणि 'सह्याद्रीच्या दऱ्या' मधला अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढला. पाचशे प्रती 'सह्याद्रीच्या दर्या' अशा छापल्या. अण्णांनी ती प्रत हातात घेतली, काही बोलले नाहीत, पेन्सिलीने चूक दाखवून परत दिली.

पण मग जे झालं, ते डोंगलच्या जगात कधीच झालं नसतं. एका विद्यार्थ्याने छापखान्यातला तो फॉन्ट माझ्यासमोर फॉन्टफोर्ज या प्रोग्रॅममध्ये उघडला. प्रत्येक अक्षर एकेका खणात, अगदी केससारखं! अर्ध्या र चं चित्र आत होतं. ऱ आणि हलन्त एकत्र आले की ते उचल, हा नियम तेवढा राहून गेला होता. त्याने नियम लिहिला, मी शंभरेक शब्द तपासले: तऱ्हा, वऱ्हाड, सुऱ्या, बिचाऱ्या, गोऱ्हा. दुरुस्ती मूळ फॉन्टवाल्यांकडे पाठवली. कुणाची परवानगी लागली नाही. जुळारी मराठी नसेल तर त्याला मराठी शिकवता येतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि त्यानंतर शेवटची मांडणी सोडली तर मी विंडोजवर नेमानं बसलेली नाही.

इतरही अक्षरांची वाट पाहिली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत 'ॲड्रेस' लिहिताना आम्ही अ वर चंद्र बसवण्याच्या कसरती करत होतो, आणि बऱ्याच ठिकाणी चंद्र अ पासून सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. भाषा मराठी असेल तर ते वळण घे, ही सूचना फॉन्टच्या आत लिहावी लागते. कुणीतरी ती लिहिली म्हणून माझा ल आज माझा दिसतो.

लिनक्सवर सगळं सुखाचं झालं, असं मी म्हणणार नाही. पानं जुळवायचा स्क्रायबस हा प्रोग्रॅम भारतीय लिप्यांसाठी तयार झाला तो २०१७ च्या १.५.३ मध्ये. तोवर पत्रं, पुस्तकांचा मजकूर, प्रुफं लिनक्सवर आणि शेवटची मांडणी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर, अशी माझी बारा वर्षं गेली. स्क्रायबसमध्ये पहिलं काम घेतलं ते त्याच गिर्यारोहण मंडळाच्या पुस्तिकेचं, नव्या आवृत्तीचं. अण्णा तेव्हा नव्हते.

सध्या मी डोंगलच्या काळातल्या फाइली युनिकोडमध्ये आणते आहे. एक छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला आहे. तो जुने तुकडे ओळखून खरी अक्षरं मांडतो. रोज दोन-तीन फाइली होतात. यंत्राला अजून अर्धा र कधीकधी ओळखू येत नाही, म्हणून प्रत्येक फाइल मी पेन्सिल हातात घेऊन वाचते. काल १९९८ चा तो अडकलेला दिवाळी अंक उघडला. पंचेचाळीस पानं झाली आहेत, अजून शंभर उरली.