भिंतीची भेग बुजवताय? आधी हे तपासा

पुसद : परिसरातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलून भिंतीला तडे जातात.

केसासारखी बारीक भेग गिलाव्यापुरतीच असेल, तर घरीच बुजवता येते. छन्नीने ती थोडी रुंद करा, सुटा भाग काढा, धूळ झाडून पाणी मारा. एक माप सिमेंटला चार मापं चाळलेली रेती घ्या. कालवलेला माल अर्ध्या तासात वापरा. घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालू नका. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस भिंत ओली ठेवा.

शंका असेल तर भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपुढे सरकली, किंवा ती तिरपी, आरपार असेल, तर गिलाव्याखाली लपवू नका, इंजिनिअरला दाखवा. स्लॅबचा गंजलेला गज उघडा पडला असेल, तर त्याखाली कुणी झोपू नये.