छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये सामानासाठी जागा कशी वाढवायची? आधी वजन, मग कप्पे

कारमागे जोडून न्यायचे छोटे कॅम्पिंग ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरीसुद्धा बनवत आले आहेत. थेंबासारख्या आकारामुळे त्यांना टिअरड्रॉप म्हणतात. तिथे प्लायवूडची शीट ४ बाय ८ फुटांची मिळते, म्हणून बरेच टिअरड्रॉपही साधारण त्याच मापाचे असतात. आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण उचललं की छोटं स्वयंपाकघर. माझ्याकडेही असाच एक आहे. त्यात कुकर, मिसळणाचा डबा, कांदे-बटाटे, दोन खुर्च्या आणि थंडीचे कपडे भरले की पाय पसरायला जागा उरत नाही. मग कुठे फळी मारता येईल, कुठे ड्रॉवर बसेल याचा शोध सुरू होतो.

या लेखात आपण तेच पाहणार आहोत. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कम्प्युटरमध्ये रिकामे स्लॉट दिसतात म्हणून कितीही कार्ड लावता येत नाहीत, पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते बघावं लागतं. ट्रेलरचंही तसंच आहे. त्यात जागेच्या आधी वजनाची मर्यादा संपते.

१. किती वजन शिल्लक आहे ते काढा

ट्रेलरवर एक स्टिकर असतो. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन, लिहिलेलं असतं. सामान किती भरता येईल हा आकडाही बहुतेक ट्रेलरवर किलो आणि पाउंड दोन्हींत असतो. पाण्याची टाकी भरली तर ते पाणीही सामानातच मोजतात.

समजा जीव्हीडब्ल्यूआर ७५० किलो आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन ५७० किलो आहे. म्हणजे सामानासाठी १८० किलो. आता हिशोब करू:

- ४० लिटर पाणी: ४० किलो
- लिथियम बॅटरी: १२ किलो
- फ्रिज आणि त्यातलं खाणं: २५ किलो
- भरलेला गॅस सिलिंडर: १७ किलो
- भांडी, शेगडी, किराणा: १५ किलो
- अंथरूण-पांघरूण, कपडे: २५ किलो
- खुर्च्या, टेबल: १५ किलो

बेरीज १४९ किलो. उरले ३१. आणि १८ मिमी जाडीच्या प्लायवूडची एक पूर्ण शीट साधारण ३० किलो भरते! म्हणजे घरातल्या कपाटासारखं दणकट फर्निचर केलं तर त्यात ठेवायला काही उरतच नाही. म्हणून ट्रेलरमधले कप्पे ६ मिमी प्लाय, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, जाळी किंवा जाड कापडाचे करावेत. ६ मिमीची तेवढीच शीट सुमारे १० किलोची असते.

खरं वजन बघायचं असेल तर ट्रकच्या वजनकाट्यावर जा. आधी कार आणि ट्रेलर दोन्ही, मग तेवढ्याच माणसांसकट आणि इंधनासकट नुसती कार. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रेलरचं वजन.

२. वजन कुठे ठेवताय ते महत्त्वाचं

ट्रेलरचा पुढचा दांडा कारच्या हुकवर जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेतल्या अशा ट्रेलरसाठी हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. (युरोपातल्या कॅरव्हानसाठी प्रमाण वेगळं, कमी असतं. आपल्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. कारच्या हुकची मर्यादाही ओलांडायची नाही.) भार कमी झाला, म्हणजे वजन मागे गेलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो. हे हेलकावे वाढत गेले तर कारसुद्धा ताब्यात राहत नाही.

वरच्याच उदाहरणात भरलेला ट्रेलर साधारण ७२० किलोचा आणि टंग वेट ८० किलो, म्हणजे ११ टक्के धरू. चाकांच्या आसापासून हुक ३ मीटर पुढे आहे. आता आसाच्या १.२ मीटर मागे, स्वयंपाकघरात, २० किलोचा नवीन कप्पा भरला. टंग वेट २० × १.२ ÷ ३ = ८ किलोने कमी होणार. उरलं ७२, आणि एकूण वजन झालं ७४०. म्हणजे ९.७ टक्के. एका कप्प्याने आपण मर्यादेखाली आलो. तेच २० किलो बरोबर आसावर ठेवले असते तर टंग वेट ८०च राहिलं असतं, १०.८ टक्के.

टंग वेट घरी मोजता येतं. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावा, ट्रेलर कारपासून सोडवा आणि दांडा नेहमीच्या उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा मध्ये घेऊन बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवा. काट्याची मर्यादा मात्र आधी बघून घ्या.

३. कुठे काय ठेवायचं

- गादीखाली: सगळ्यात उत्तम जागा. खाली आणि आसाच्या जवळ. पाण्याचे कॅन, हत्यारं, डबाबंद अन्न इथे. ड्रॉवरपेक्षा वरून उघडणारं झाकण हलकं पडतं, कारण रुळांचं वजन वाचतं.
- डोक्यावर आणि पायांकडे: कपडे, टॉवेल, चिप्सची पाकिटं. जाळी किंवा कापडी कप्पे पुरतात. फळी असेल तर पुढे ५ सेमीची कड हवीच.
- भिंती आणि दार: चष्मा, टॉर्च, फोन, चार्जर यांच्यासाठी कापडी खिसे.
- मागचं स्वयंपाकघर: इथे मुळातच वजन असतं. कुकर आणि कढई प्रवासात पुढे, गादीखाली न्या. मसाले आणि प्लेट मागे राहिल्या तरी चालतं.

४. पक्कं बसवायचं कसं

बऱ्याच ट्रेलरची भिंत म्हणजे आत-बाहेर पातळ पत्रा किंवा प्लाय आणि मध्ये फोम. नुसत्या पातळ प्लायमध्ये मारलेला स्क्रू खड्ड्यांच्या रस्त्यावर हळूहळू ढिला होतो. म्हणून आतली लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट शोधून तिच्यातच स्क्रू मारा. लाकडी चौकटीतले खिळे-स्क्रू लोहचुंबकाने सापडतात. चौकट नसेल तिथे आतून रुंद पट्टी चिकटवून भार पसरवा. अ‍ॅल्युमिनियमसाठी रिव्हेट नट वापरा.

भोक पाडण्याआधी खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी मोजा. स्क्रू त्यापेक्षा आखूड हवा, नाहीतर बाहेरचा पत्रा फुटून पाणी शिरेल. भिंतीतून वायर कुठून जातात तेही बघा.

दारांना नुसता चुंबक पुरत नाही. दाबून उघडणारी, खटकन बसणारी कडी लावा.

५. हे कधीही झाकू नका

गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर, हवा यायच्या झडपा आणि बाहेर पडायची खिडकी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो आणि नेमका तिथेच आपण खोका सरकवतो. गॅस सिलिंडर तर झोपायच्या जागेत ठेवायचाच नाही.

गादीखालचे कप्पे पूर्ण बंदही करू नका. रात्री श्वासातली वाफ थंड पृष्ठभागावर जमते आणि बुरशी धरते. फळीला भोकं पाडा, भिंतीपासून थोडी फट ठेवा.

नेहमीचे प्रश्न

*मागे सायकल स्टँड लावू का?* १५ किलोची सायकल आसाच्या २ मीटर मागे असेल तर वरच्या ट्रेलरमध्ये टंग वेट १० किलोने उतरतं. शक्यतो सायकल कारवर न्या.

*छतावर कॅरिअर?* छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा आणि वर फक्त हलकं सामान ठेवा. वर वजन गेलं की वळणावर ट्रेलर जास्त कलतो.

*चालवताना हेलकावे सुरू झाले तर?* अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा, कारचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तो हळूच लावा. मग सुरक्षित जागी थांबून जड सामान पुढे घ्या.

*कप्पे तयार झाले, आता?* सगळं सामान भरून एकूण वजन आणि टंग वेट पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी एखादी नवीन वस्तू घ्यावीशी वाटली की आधी तो कागद बघा.